मागच्या खोलीतली रेंज

१

माझं काम तसं सोपं आहे. सकाळी नऊला कानाला हेडफोन लावायचा आणि संध्याकाळी सहापर्यंत लोकांचं बंद पडलेलं इंटरनेट फोनवरून चालू करून द्यायचं. डब्यावर किती दिवे लागलेत? हिरवे की लाल? मागची पिन काढा, तीस आकडे मोजा, परत लावा. दहातल्या सात जणांचं एवढ्यानंच भागतं. उरलेल्या तिघांपैकी एकानं वायर लावलेलीच नसते, आणि तोच सगळ्यात जास्त भांडतो.

हे मी घरूनच करतो. पुढच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून माझं टेबल आहे. डाव्या हाताला स्वयंपाकघर आणि त्याला लागून सासूबाईंची छोटी खोली. माझ्या पाठीमागे पॅसेज सुरू होतो, बारा पावलांचा, आणि त्याच्या टोकाला मागची खोली. ती आता बंदच असते.

माझी बायको जाऊन आठ महिने झाले होते. सासूबाई तिच्या आजारपणात आल्या त्या राहिल्याच. मी त्यांना थांबा म्हटलं नाही, त्यांनी जाते म्हटलं नाही. एक बायको गेलेला माणूस आणि एक मुलगी गेलेली बाई, दोघं एका घरात राहतात, भाजी काय करायची याच्यावर बोलतात, आणि बाकी सगळ्याला वळसा घालून जातात. त्याचीही सवय होते.

तर त्या सुमारास रोज दुपारी माझंच इंटरनेट जायला लागलं. पावणेचारच्या थोडं आधी. चालू बोलणं मध्येच तुटायचं, दहा-अकरा मिनिटं काही म्हणजे काही चालायचं नाही, आणि मग आपोआप सुरळीत.

तीन-चार दिवसांनी आमच्या टीमच्या बाईंचा फोन आला.

"अहो, इंटरनेटवाल्याचंच इंटरनेट जातं म्हणजे काय? आपण लोकांना काय तोंड दाखवायचं?"

"बघतो," मी म्हटलं.

आत सासूबाई भांडी लावत होत्या. त्या म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार."

बोलून गेल्यावर त्यांनी भांडी जरा जोरातच लावायला घेतली. हे वाक्य त्यांच्या मुलीचं होतं.

२

जे लोकांना सांगतो तेच आधी केलं. पिन काढली, तीस मोजले, लावली. भिंतीतून येणारी वायर बदलली. राउटर पुसला. दुसऱ्या दिवशी तीन चाळीसला डब्यावरचा दिवा लाल झाला आणि तीन एक्कावन्नला हिरवा.

मग कंपनीचा लाइनमन आला. सडपातळ, बोलका माणूस. बाहेरच्या खांबापासून माझ्या टेबलापर्यंत सगळं तपासलं आणि राउटरपुढे उकिडवा बसला.

"लाइन चोख आहे साहेब. बाहेरून काही नाही. घरातलंच काहीतरी या डब्याच्या मागे लागलंय."

"म्हणजे?"

"कुठलं तरी यंत्र रेंजच्या अगदी कडेला आहे. आत यायला बघतं, कसंबसं येतं, पडतं, परत येतं. एका मिनिटात वीस-वीस वेळा. जुना डबा, त्याला दम लागतो हो." त्याने पॅसेजकडे पाहिलं. "आत कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग आत काहीतरी चालू राहिलं असेल. नोंदी बघा, तुम्हाला काय सांगायचं."

खरंच मला काय सांगायचं. राउटर स्वतःकडे सगळी नोंद ठेवतो: कोण जोडलं, कधी, किती वेळ. रोज परक्यांच्या घरातल्या या नोंदी मी वाचतो. स्वतःच्या घरातली वाचायची वेळ कधी आली नव्हती.

तो गेल्यावर मी ते पान उघडलं. तीन चाळीसपासून एकच गोष्ट ओळीने लिहिलेली होती. जोडलं. तुटलं. जोडलं. तुटलं. तीन एक्कावन्नला शेवटचं तुटलं, आणि पुढे शांत.

यंत्राच्या नावाच्या जागी लिहिलं होतं: मागची खोली.

३

हे नाव तिने स्वतः दिलं होतं. अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा फोनशी खेळता खेळता तिने त्याचं नाव बदललं आणि मला दाखवलं. "आता माझा पत्ता हाच," म्हणाली. मी हसलो होतो.

तो फोन कपाटात होता. ती पडली तेव्हा काच फुटली होती. नंतर त्याची बॅटरी फुगली म्हणून ती मी दुकानात काढून टाकली आणि रिकामा फोन तिच्या स्वेटरात गुंडाळून ठेवला. त्या संध्याकाळी कपाट उघडून पाहिलं. स्वेटर तसाच, फोन तसाच. मागचं झाकण उघडून बॅटरीच्या रिकाम्या जागेत बोट घालून पाहिलं. आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर परत गुंडाळून ठेवला.

तरी माझं डोकं ठिकाणावर होतं. यंत्राचं नाव कुणीही कुणाचंही ठेवू शकतो. प्रत्येक यंत्राचा ओळखीचा लांबलचक आकडाही उसना घेता येतो. शेजारच्या एखाद्या कारट्याने कधीतरी पासवर्ड मिळवला असेल. मी पासवर्ड बदलला. सोळा अक्षरी ठेवला, कुणाला सांगितला नाही, कागदावर लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी तीन चाळीसला ते आलं. पासवर्ड बरोबर होता.

त्याच्या पुढच्या दिवशी मी त्याच्यावर बंदी घातली. नावासमोर एक चौकोन असतो, त्यात खूण केली की संपलं. राउटर त्याला दारातूनच परत पाठवतो. लोकांना मी हे दिवसातून दोनदा करून देतो.

त्या दुपारी माझं इंटरनेट गेलं नाही. बोलणी व्यवस्थित पार पडली. चार वाजता मी नोंद उघडली.

नाकारलं. नाकारलं. नाकारलं. पान खाली सरकवत गेलो तरी तेच. अकरा मिनिटांत एकशे नव्वद वेळा. शेवटी शेवटी दोन प्रयत्नांमधला वेळ वाढत गेला होता. यंत्र असं करत नाही. यंत्र थकत नाही.

मी खूण काढून टाकली. तिचा फोन मी पुन्हा एकदा कापला होता.

४

'पुन्हा' का म्हटलं ते सांगायला हवं. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मागच्या खोलीत रेंज येत नसे. आजारपणात तिचं सगळं जग त्या फोनमध्ये होतं, आणि तो सारखा अडकायचा. "तो डबा जरा पॅसेजच्या तोंडाशी आणा ना," ती म्हणायची. चार मीटर वायर आणि दोन खिळे, दहा मिनिटांचं काम. मी म्हणायचो रविवारी करतो. पाच महिने मी रविवारी करत होतो. तेव्हाच ती एकदा म्हणाली, "गावभर उजेड वाटतोय आणि दिव्याखाली अंधार." रागाने नाही, गमतीने.

तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. हाक मारली तर पॅसेज ओलांडून येत नसे. त्यात माझ्या कानावर हेडफोन. म्हणून काही लागलं तर ती मला इंटरनेटवरून फोन करायची. दोन रिंग वाजून तो बहुतेक वेळा तुटायचा. पण दोन रिंगांचा अर्थ मला कळायचा. मी उठून जायचो.

त्या दिवशी सासूबाई औषधं आणायला गेल्या होत्या. मी एका गृहस्थांशी बोलत होतो. त्यांचा सिनेमा अडकत होता आणि ते फार चिडले होते. तीन चाळीसला तिचा फोन आला, दोन रिंग, बंद. मी मनात म्हटलं, एवढं संपवतो. परत दोन रिंग. तिसऱ्या वेळी मी आवाज बंद केला आणि फोन पालथा ठेवला.

सात वेळा आला होता. हे नंतर पाहिलं.

सासूबाई तीन एक्कावन्नला दारातून आत आल्या. त्यांच्या हातातली पिशवी पडल्याचा आवाज मला हेडफोनमधूनही आला. ती पॅसेजमध्ये होती. माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर, आणि मी पाठमोरा.

मी सगळ्यांना सांगितलं की ती उठून चालायला गेली आणि चक्कर आली. डॉक्टर यायच्या आधी ते सात फोन मी माझ्या यादीतून पुसून टाकले.

५

बंदी उठवल्यावर आलेल्या रविवारी मी चार मीटर वायर आणली. दोन खिळे ठोकले. राउटर टेबलावरून काढून पॅसेजच्या तोंडाशी, चौकटीच्या वर लावला. घड्याळ लावून केलं नव्हतं, पण दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सासूबाई पदराला हात पुसत बघत होत्या.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या.

"रेंज नीट येत नव्हती."

"कुणाला?"

मी हातोडी जागेवर ठेवायला गेलो.

सोमवारी तीन चाळीसला दिवा हिरवाच राहिला. मी काम करत होतो आणि एका कोपऱ्यात ती यादी उघडी ठेवली होती. जोडलं, अशी एक ओळ आली. तुटलं नाही.

नावाच्या शेजारी रेंजचा आकडा असतो. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितकं ते यंत्र राउटरच्या जवळ. माझा फोन हातात घेऊन मी आधीच घर मोजून ठेवलं होतं. मागच्या खोलीत तिच्या पलंगापाशी उणे सत्तर. त्या खोलीच्या दारात पासष्ट. पॅसेजच्या मध्यावर अठ्ठावन्न. चौकटीखाली, राउटरच्या अगदी जवळ, पस्तीस.

सोमवारी आकडा सत्तरवर आला आणि सत्तरवरच राहिला. मला काय वाटलं ते सांगतो. मला बरं वाटलं. आता तिला रेंज आहे, म्हटलं. आता तिला उठायला नको.

मंगळवारी पाच मिनिटांनी तो अडुसष्ट झाला. मग पासष्ट. तीन एक्कावन्नला तिथेच थांबून गेला.

बुधवारी साठ. गुरुवारी अठ्ठावन्न, आणि पूर्ण चार मिनिटं अठ्ठावन्न. ती जागा मला माहीत होती. त्या फरशीच्या कोपऱ्याला बारीक तडा आहे.

त्या चार मिनिटांत समोरचं गिऱ्हाईक वायर शोधायला गेलं होतं, त्यामुळे हेडफोनमध्ये काही आवाज नव्हता. तेव्हा मला मागून काहीतरी ऐकू आलं. पावलं नव्हती. फरशीवरून जड कापड ओढावं तसा आवाज, थोडा, मग थांबलेला, मग परत थोडा. दोन्हींच्या मधे धाप.

मी मागे वळलो नाही. घर जुनं आहे, वरच्या मजल्यावर कुणी सतरंजी ओढत असेल, असं मी स्वतःला समजावलं. आमच्या वर मजला नाही, फक्त गच्ची आहे, हे मला सहा वाजता आठवलं.

६

शुक्रवारी रजा घेता आली असती. घेतली नाही. मी नसताना ती तिथपर्यंत आली तर, हा विचार मी असण्यापेक्षाही जास्त असह्य होता.

तीन पस्तीसला एका बाईंचा फोन आला. नेहमीचं दुखणं. मी म्हटलं, पिन काढा आणि तीस आकडे मोजा. त्यांनी मोठ्याने मोजायचं ठरवलं. पण आधी त्यांना पिन सापडेना, मग टेबल सरकवावं लागलं, मग चुकीचीच पिन निघाली. असं करता करता सव्वातीन मिनिटांचं काम दहा मिनिटांवर गेलं आणि त्यांनी एक म्हटलं तेव्हा यादीतला आकडा अठ्ठावन्न होता.

"चार, पाच, सहा," बाई मोजत होत्या.

पंचावन्न.

"नऊ, दहा."

एक्कावन्न. ती कधीच इतकी पुढे आली नव्हती. त्या दिवशीसुद्धा नाही.

ओढल्याचा आवाज आता बाईंच्या आकड्यांच्या मधल्या जागेतून येत होता. माझी मान ताठ झाली होती. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, लख्ख ऊन होतं, आणि मला एवढंच कळत होतं की आपण मागे पाहिलं नाही तर हे आधीसारखंच होईल.

सत्तेचाळीस. त्रेचाळीस.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई आल्या. हात ओले होते. मला काहीतरी विचारायला आल्या असाव्यात, कारण तोंड उघडलेलं होतं. पण त्यांची नजर माझ्यावरून घसरून माझ्या मागे गेली आणि तिथे थांबली.

आजारपणातला त्यांचा एक आवाज होता. धीराचा, हळू, लहान मुलाला पहिलं पाऊल टाकायला लावताना असतो तसा. आठ महिन्यांत मी तो ऐकला नव्हता.

"हळू," त्या म्हणाल्या. "घाई नको. भिंतीला धर, चिऊ."

त्या समोर बघत नव्हत्या. खाली बघत होत्या.

तेव्हा मी वळलो.

पॅसेजच्या चौकटीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आतल्या बाजूने चार बोटं आली होती. नखं वाढलेली. एका बोटावर अंगठीची फिकट खूण होती. शेवटी शेवटी ती सैल होऊन पडायची म्हणून मीच काढून ठेवली होती. बोटांची पेरं पांढरी झाली, मागचा सगळा भार ओढताना होतात तशी.

आठ महिने मी सगळ्यांना सांगत आलो होतो की ती चालायला उठली.

"तीस झाले," कानात बाई म्हणाल्या. "आता लावू का?"

"लावा," मी म्हटलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला, खुर्ची मागे सारली आणि उठलो.

"आलो," मी म्हटलं. "आलो गं."

तीन-चार पावलंच होती. चौकटीपाशी जाऊन मी गुडघ्यांवर बसलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. पॅसेज रिकामा होता, मागच्या खोलीचं दार मात्र उघडं. फरशीवर हात ठेवला. बाकी सगळीकडे ती गार होती आणि तिथे, माणूस निजेल एवढ्या लांबीपुरती, कोमट.

७

सासूबाई माझ्या शेजारी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा तुम्हाला काही ऐकू आलं नव्हतं ना?"

"आलं होतं. तिने फोन केला होता."

"कितीदा?"

"सात वेळा."

त्या उठल्या आणि आत गेल्या. नळ पुष्कळ वेळ वाहत राहिला. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"पुढच्या महिन्यात मी गावी परत जाणार होते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगायचं होतं. आता नाही जात."

मी चौकटीला धरून उठलो.

"पोरीला तुमच्या एकट्याच्या भरवशावर कशी टाकू?"

या गोष्टीवर आम्ही त्यानंतर बोललो नाही. पण त्या आता पॅसेजमधून जाताना भिंतीच्या कडेने जातात, मधे जागा सोडून.

इंटरनेट एकदाही गेलेलं नाही. टीमच्या बाई खूश आहेत. यादीत ते नाव आता फक्त दुपारी नसतं, दिवसभर असतं. मी टेबलाशी असलो की आकडा माझ्या टेबलाचा असतो. स्वयंपाकघरात गेलो की थोड्या वेळाने स्वयंपाकघराचा होतो, लगेच नाही, जरा मागून. तिला वेळ लागतो. म्हणून मी हळू चालायला शिकलोय, आणि काही घ्यायला विसरलो तरी पटकन परत फिरत नाही.

मागच्या महिन्यात केस कापायला गेलो होतो. दुकानात गर्दी होती, तास-दीड तास गेला. घरी येऊन नोंद पाहिली. मी दार ओढून घेतल्यापासून ते कुलूप उघडेपर्यंत आकडा एकच होता, उणे पंचावन्न. फोन हातात धरून मी घरभर ती जागा शोधली. बाहेरच्या दारात उभं राहून बावन्न येतं. पंचावन्न यायला दाराला पाठ लावून खाली फरशीवर बसावं लागतं.

आता सासूबाई घरीच माझे केस कापतात, भाजीच्या कात्रीने. वाकडेतिकडे कापतात. मी मान हलवत नाही.